सेकंड इयर झालं होतं, मग लग्न झालं

आपल्या या समूहावर वाड्यांच्या, गणपतीच्या, मेल्यातल्या सॉफ्टीच्या, दौलतगंज-जनकगंजच्या आठवणी येतात. मीही हौसेनं वाचतो. आज मात्र आठवणीच्या जोडीला थोडं मत मांडतो. पटलं नाही तर खाली खुशाल लिहा, मी बँकेत छत्तीस वर्षं काउंटरच्या आत काढली आहेत, ऐकून घ्यायची सवय आहे.

विषय असा की आपल्या मराठी घरांमध्ये ‘अर्धवट पदवी’ नावाची एक वस्तू असते. फार करून ती सुनेची असते. ट्रंकेत तळाशी, लग्नाच्या शालूखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन मार्कशिटा. फर्स्ट इयर, सेकंड इयर. तिसरी नाही, कारण त्या मे महिन्यात मुहूर्त निघाला. ‘पुढे करू दे की, आम्ही काही नाही म्हणत नाही’ असं सासरची मंडळी बोलणीत म्हणतात आणि खरंच नाही म्हणत नाहीत. फक्त कुणी हो म्हणून पुढे काही करत नाही, एवढंच. मग पोरं, मग सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, मग पोरांची दहावी.

माझ्या चुलतभावाची सून अशीच. जळगावकडची, बी.कॉम.ची दोन वर्षं पास, तिसऱ्याला लग्न करून लष्करात आली. आज बेचाळीस वर्षांची आहे. एका दवाखान्याचे हिशेब सांभाळते आणि, मी तपासून पाहिलं आहे, उत्तम सांभाळते. गेल्या वर्षी एका शाळेच्या ऑफिसात जागा निघाली. पगार दुपटीच्या जवळ, आणि नियमित. अर्जात पहिलीच अट, पदवीधर. माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘काका, वीस वर्षं मी डेबिट-क्रेडिट करतेय, आणि कागदावर मी बारावी पास आहे.’’ यावर काय बोलणार? नवऱ्याचं दुकान महामारीनंतर पूर्वीसारखं उभं राहिलेलं नाही, थोरल्याची फी आहे. तिच्यासाठी पदवी ही हौस नाही, घराच्या जमाखर्चाची बाब आहे.

तेव्हापासून मी हा सगळा मामला मुळातून समजून घेतला. चार-पाच घरांतून तोच प्रश्न आला, म्हणून लिहितो.

आधी आमच्या काळचं सांगतो, म्हणजे फरक कळेल. आमच्या वेळी ज्याला कॉलेज जमत नव्हतं त्याला एकच दार होतं, ‘प्रायव्हेट’. जिवाजी विद्यापीठ १९६४ सालचं. त्याचा फॉर्म भरायचा, वर्षभर आपलं आपण वाचायचं, आणि परीक्षेला नियमित मुलांबरोबर जाऊन बसायचं. सरकारी भाषेत त्याला ‘स्वाध्यायी’ म्हणतात. शब्द फार सुंदर आहे. प्रत्यक्षात पुस्तक कोणतं वाचायचं हेही कुणी सांगत नसे. पाटणकर बाजारातून गाइड आणायचं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गेस पेपर आणायचा, की झाला स्वाध्याय.

तरी त्या दारानं माणसं तरली, हे मान्य केलं पाहिजे. भिंड जिल्ह्यातल्या आमच्या शाखेत एक शिपाई होता. मॅट्रिक. रात्री शाखेच्या व्हरांड्यात दिव्याखाली बसून त्यानं तीन वर्षांत बी.ए. केलं. पुढे क्लार्क झाला, आणि पदवीच्या दोन वेतनवाढी मिळाल्या तेव्हा अख्ख्या शाखेला पेढे दिले. त्या दोन वेतनवाढींचा पेन्शनपर्यंत किती फरक पडतो हे बँकवाल्यांना सांगायला नको. पण त्याच्यासारखी जिद्द असलेला एक निघतो आणि मधेच सोडणारे दहा. प्रायव्हेटमध्ये कुणी विचारणाराच नसतो की बाबा रे, कुठवर आलास?

मुक्त विद्यापीठ ही कल्पना नेमकी इथे वेगळी आहे. इंग्लंडात ओपन युनिव्हर्सिटी १९६९ साली स्थापन झाली. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठानं पत्राद्वारे शिक्षण १९६२ सालीच सुरू केलं होतं, पण मुक्त विद्यापीठ म्हणून पहिलं निघालं ते १९८२ साली हैदराबादला. आज त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. मग १९८५ साली संसदेच्या कायद्यानं दिल्लीत इग्नू आलं, १९८९ साली नाशिकला आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, आणि १९९१ च्या कायद्यानं आमच्या मध्य प्रदेशात भोपाळला भोज मुक्त विद्यापीठ. भोज म्हणजे धारचा राजा भोज, ‘कहाँ राजा भोज’वाला. या सगळ्यांत मूळ गोष्ट एकच. पुस्तक विद्यापीठानं लिहून द्यायचं, आणि तेही शिक्षक समोर नाही असं गृहीत धरून लिहायचं. मधे मधे प्रश्न, स्वाध्याय, त्याची उत्तरं. माझ्या मते प्रायव्हेट आणि मुक्त यांतला खरा फरक एवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

आता कोणतं घ्यावं? लोकांना एका ओळीत उत्तर हवं असतं, जसं ‘एफडी कोणत्या बँकेत ठेवू?’ मी उलट विचारतो, पैसे कधी लागणार आहेत?

नाशिकपासून सुरू करतो, कारण आपला जीव तिथेच अडकतो. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचं ब्रीद. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले, जे आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले. म्हणजे देशाच्या मुक्त शिक्षणावर एका मराठी माणसाचा हात फिरलेला आहे, हे आपल्या पोरांना सांगायला हरकत नाही. मराठीतून बी.ए., मराठीतून बी.कॉम., मराठीत लिहिलेली पुस्तकं. ज्यांची बारावीसुद्धा झाली नव्हती अशांना पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून पदवीकडे यायची वाट या विद्यापीठानं उघडली. किती गृहिणी, किती पोलीस शिपाई, किती एसटीचे कंडक्टर त्या वाटेनं गेले असतील! महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा मातृभाषेतून उच्च शिक्षण हा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहाचं पुढचं पाऊल म्हणून मी नाशिककडे बघतो.

पण, आणि हा ‘पण’ आपल्यासाठी फार कडू आहे, राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दूरशिक्षणाची केंद्रं आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाहीत. यूजीसीचा तसा नियम आहे, आणि त्यामागे कारणंही होती. एके काळी कुठलंही विद्यापीठ कुठेही दुकान उघडून बसत होतं. नियम योग्य, पण त्यात आपण सापडलो. जळगावहून ग्वाल्हेरला आलेली, मराठीतून शिकलेली मुलगी इथे बसून नाशिकचा अभ्यासक्रम करू शकत नाही. माहेरी पत्ता दाखवून केंद्र घेणं, परीक्षेला दर वेळी पंजाब मेल किंवा मंगला एक्स्प्रेसनं जळगाव-भुसावळ गाठणं असले सल्ले मी ऐकले आहेत. मी ते देत नाही. कागद सरळ असावा. ज्याचं घर खरोखर महाराष्ट्रात आहे, नोकरी पुण्या-नाशकात आहे, त्यानं डोळे मिटून घ्यावं.

इथे एक मागणी नोंदवून ठेवतो. दूरशिक्षणाला राज्याची हद्द आहे, पण मान्यता मिळालेल्या पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमाला ती नाही. तेव्हा मराठी माध्यमातली साधी बी.ए., बी.कॉम. ऑनलाइन, ग्वाल्हेर-इंदूर-बडोदा-हैदराबादच्या मराठी घरांना घेता येईल अशी मिळावी, यासाठी आपल्या मंडळांनी आणि बृहन्महाराष्ट्र मंडळानं पाठपुरावा करावा. आपण दर अधिवेशनात मराठी टिकवण्याचे ठराव करतो. हा ठराव त्याहून कामाचा होईल.

भोजचं पाहू. ज्याला हिंदीतून लिहिण्याची सवय आहे, जो मध्य प्रदेश सोडून जाणार नाही, त्याला हे जवळचं पडतं. अभ्यासकेंद्रं बहुतेक कॉलेजांतूनच असतात. आमच्या इथे जन्मलेली, हिंदी माध्यमातून शिकलेली मराठी मुलं असतात ना, घरात मराठी आणि वहीत हिंदी, त्यांना मी हे आधी सुचवतो.

आणि इग्नू. इग्नूला राज्याची हद्द नाही. सैन्यातले, बँकेतले, रेल्वेतले, बदलीची नोकरी असलेले जे कुणी आहेत त्यांनी दुसरीकडे बघूच नये. केंद्र बदलून मिळतं. शाखेतून शाखेत खातं ट्रान्सफर करावं तसं. प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै. परीक्षाही दोनदा, जून आणि डिसेंबर. जूनला जमलं नाही तर डिसेंबर आहे. (डिसेंबरात तानसेन समारोह येतो, तेवढा एक त्रास आहे.) सत्रकार्य, म्हणजे असाइनमेंट, घरून लिहून द्यायचं, त्याला ३० टक्के वजन, परीक्षेला ७०. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. पुस्तकं ई-ज्ञानकोशावर फुकट उघडी आहेत. प्रवेश घ्यायच्या आधी कुणीही वाचून बघू शकतो की हे आपल्याला झेपेल का. ही सोय मला सगळ्यांत आवडली. ठेव ठेवण्याआधी तिजोरी उघडून दाखवल्यासारखं आहे.

माध्यम मात्र मुख्यतः इंग्रजी किंवा हिंदी. सूनबाईचा प्रश्न इथेच होता. मराठीतून शिकलेली, वीस वर्षं ग्वाल्हेरात राहून हिंदी बोलायला पक्की, पण हिंदीत पाच पानी उत्तर लिहायचं? मी तिला इग्नूची कॉमर्सची हिंदी पुस्तकं उघडून दिली. लागत, मूल्यह्रास, समायोजन. पंधरा दिवसांत म्हणाली, ‘‘काका, शब्द आपलेच आहेत, फक्त क्रियापदं बदलायची.’’ इतकं सोपं नाही ते, पण तिची भीती गेली.

लवचिक, लवचिक असं सगळे म्हणतात. जाहिरातीत तर तो शब्द मोठ्या अक्षरात असतो. लवचिक म्हणजे सोपं नव्हे हो. हिशेब करा. नव्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट. दूरशिक्षणात एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे ३६०० तास. तीन वर्षांत करायचं तर वर्षाला १२००, रोज सव्वातीन तास, दिवाळी-गणपतीसकट. सहा वर्षांत करायचं तर वर्षाला ६००, रोज साधारण एक तास चाळीस मिनिटं. दवाखान्याची नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईला सव्वातीन तास कुठून आणणार? म्हणून मी तिला म्हटलं, सहा नाही तर पाच वर्षं धर, पण तीनचा हट्ट नको. विद्यापीठ वेळ वाढवून देतं. तास काही ते देत नाही, ते घरातूनच यायला हवेत.

आणि इथे मला आपल्या घरांशी भांडायचं आहे. फी भरायला सगळे तयार. ‘भर की, किती आहे?’ असं भाऊ लगेच म्हणाला. पण संध्याकाळी सात ते नऊ तिला हाक मारायची नाही, पोळ्यांना बाई लावायची किंवा आपण कुकर लावायचा, पाहुणे आले तर चहा नवऱ्यानं करायचा, हे ठरवायला बसलो तर चेहरे बघण्यासारखे झाले. वहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, आता या वयात कशाला डोक्याला ताप?’’ मी म्हटलं, वहिनी, पंचावन्नाव्या वर्षी तुम्ही हार्मोनियमच्या परीक्षा दिल्यात, तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवायला आलो होतो. त्या हसल्या. पण खरं सांगतो, प्रवेश घेतलेल्यांतले जे गळतात, ते बहुतेक कठीण पेपरामुळे गळत नाहीत. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायची तारीख घरातल्या कुणाच्या तरी बारशात निघून जाते. इग्नूत पुढच्या वर्षासाठी पुन्हा नोंदणी करावी लागते, परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. या दोन तारखा कालनिर्णयवर एकादशीच्या बाजूला लाल पेनानं लिहून ठेवा.

तिच्या जुन्या दोन वर्षांचं काय झालं, हे बऱ्याच जणांनी विचारलं. सरळ उत्तर, ती वर्षं धरली जात नाहीत. आता क्रेडिटची बँक निघाली आहे, २०२१ पासून. एका ठिकाणी मिळवलेली क्रेडिट तिथे जमा राहतात आणि दुसरीकडे नेता येतात, पण त्यांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं. वीस वर्षांपूर्वीच्या टक्केवारीच्या मार्कशिटांचं खातं त्या बँकेत उघडतच नाही. सूनबाईला याचं फार वाईट वाटलं. मला विचाराल तर पहिल्यापासून सुरू करण्यात तोटा नाही. ती शिकली तेव्हा जीएसटी नव्हता, तो २०१७ साली आला. कंपनी कायदा २०१३ चा. जुनं तिसरं वर्ष कुणी जोडून दिलं असतं तरी निम्मं शिळं निघालं असतं. पण तुमच्या घरातल्या मुलानं दोन-तीन वर्षांपूर्वी कॉलेज सोडलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याची क्रेडिट जिवंत आहेत. ती वापरायला बघा, उशीर करू नका. नव्या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबताही येतं. थांबणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं, जे आपल्या सुनांच्या हातात नव्हतं.

आता एक राग. सूनबाई माझ्याकडे येण्याआधी एका दुकानात जाऊन आली होती. बाहेर बोर्ड, आत सोफा, एसी. तिथल्या गृहस्थानं सांगितलं, तुमची दोन वर्षं ‘अ‍ॅडजस्ट’ करून देतो, एका वर्षात पदवी, परीक्षेलाही फारसं यावं लागणार नाही, रक्कम दोन हप्त्यांत. असली पदवी म्हणजे बनावट नोट. खिशात असेपर्यंत बरी वाटते, काउंटरवर आली की पकडली जाते. आणि पकडला जातो तो देणारा नव्हे, ज्याच्या हातात असते तो. बँकेत आम्ही नोकरीला घेतलेल्यांची प्रमाणपत्रं पडताळणीला पाठवत असू, सगळीकडे पाठवतात. यूजीसीच्या नियमात फ्रँचायझी पद्धतीनं दूरशिक्षण चालवायला सक्त मनाई आहे. प्रवेश थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घ्यायचा, फी थेट विद्यापीठाच्या खात्यात. मधे माणूस आला की उठून यायचं.

नावाजलेलं विद्यापीठ आहे म्हणून निश्चिंत राहू नका, हेही सांगतो. २०१७ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणानं दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या निलंबित, पुन्हा परीक्षा द्या. त्यानंतरच्यांच्या तर रद्दच. बारा-पंधरा वर्षं नोकरी केलेली माणसं पुन्हा परीक्षेला बसली. मान्यता विद्यापीठाला असते, अभ्यासक्रमाला वेगळी असते, आणि वर्षावार असते. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत तिन्ही जुळतात का ते बघायचं. आता तर प्रवेशाआधी तिथे स्वतःचा डेब क्रमांक काढावाच लागतो, त्यामुळे खोट्या दुकानांना थोडा चाप बसला आहे. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, वकिली, नर्सिंग या गोष्टी दूरशिक्षणानं होत नाहीत. कुणी ‘घरबसल्या एल.एल.बी.’ म्हणाला तर दार लावून घ्या.

खाजगी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्या आता बऱ्याच निघाल्या आहेत. मान्यता असेल तर पदवी खरी, सोय उत्तम, व्हिडिओ सुंदर. फी मात्र इग्नूच्या कितीतरी पट. कंपनी फी देत असेल तर घ्या. कर्ज काढून बी.कॉम. करण्याइतकी ती महाग वस्तू नाही, असं माझं पेन्शनर मत.

‘पण काका, दूरशिक्षणाची पदवी दुय्यम मानतात ना?’ हा प्रश्न पोरं विचारतात. कायद्यानं नाही. २०२२ च्या सप्टेंबरात यूजीसीनं पुन्हा स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. लोकांच्या मनात थोडं असतं, नाही म्हणत नाही. म्हणूनच अठरा वर्षांच्या, हातपाय धड असलेल्या नातवाला मी इग्नू सुचवत नाही. त्यानं एमएलबी कॉलेजात जावं, कट्ट्यावर बसावं, प्राध्यापकांशी वाद घालावा, निवडणुकीत हरावं. आजकाल ‘कोचिंगला वेळ मिळावा म्हणून पदवी बाहेरून’ असं जे चाललंय ते मला पसंत नाही. ज्याला कॉलेज मिळू शकतं त्यानं ते सोडू नये. ज्याचं हिरावलं गेलं त्याच्यासाठी ही दारं आहेत.

शाळेची ती जागा गेली, अर्थात. दुसऱ्या कुणाला मिळाली. सूनबाईनं जुलैच्या सत्रात इग्नूला प्रवेश घेतला, हिंदी माध्यम. पहिल्या असाइनमेंटा तिनं स्वतःच्या हातानं लिहिल्या (बाजारात तयार लिहिलेल्या मिळतात, त्या आणू दिल्या नाहीत). भावानं कुकर लावायला शिकून घेतलं आहे. तीन शिट्ट्या की चार, यावर अजून वाद चालू आहे.

ज्यांच्या घरी असा विषय आहे त्यांनी आधी बारावीची मार्कशीट आणि सर्टिफिकेट शोधून ठेवा, आणि त्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का बघा. माहेरचं आणि सासरचं नाव यात आमचे पुरते दोन महिने गेले. लग्नाचं प्रमाणपत्र लागलं, शपथपत्र लागलं. कुणाला कागद बघून हवे असतील तर मी सकाळी दहा ते बारा घरीच असतो.